धुतलेल्या फोटोवरचं चिलखत

मी चिलखत आहे, पण मला घालून कुणी कधी लढाईला गेलेलं नाही. मला उजेडात धरलंत तर माझ्यातून समोरची भिंत दिसेल. बोटाने वाकवलंत तर वाकेन, सोडलंत तर पुन्हा सरळ होईन. पोस्टकार्डाएवढा माझा आकार. तलवार तर सोडाच, साधी टाचणीही मी अडवू शकत नाही. आणि जिथे मी खरोखर एका माणसाच्या उपयोगी पडलो असतो, तिथे मी गप्प पडून राहिलो. हे सगळं सांगतोय ते त्यासाठीच.

जन्माने मी चिलखत नव्हतो. मी छातीचा फोटो होतो.

चौऱ्याण्णव साली तळोज्याच्या एका कारखान्यात भरती निघाली. विनायक तिथे गेला. पळस्पे नाक्यावर, जिथे गोव्याचा रस्ता पुण्याच्या रस्त्यापासून फुटतो, तिथे त्याची ट्रक रंगवायची टपरी होती. वय तेवीस, उंची सहा फूट. कारखान्याने आधी दवाखान्यात पाठवलं. तिथे गंजी काढून, गार पाटीला छाती टेकवून तो उभा राहिला. पाटीच्या आत, काळोखात मी होतो. "श्वास घ्या. धरून ठेवा," पलीकडून कुणीतरी म्हणालं. त्याने श्वास धरला आणि तेवढ्यात त्याची छाती माझ्यावर उतरली. बरगड्या, मधे काळजाची सावली, दोन्हीकडे फुप्फुसं. सगळं साफ.

नोकरी मिळाली नाही. मी मात्र खाकी पाकिटातून घरी आलो. विनायकच्या आईने, भामाबाईंनी, ते पाकीट देवाच्या फळीशेजारच्या खुंटीला लावलं. त्यांना वाचता येत नव्हतं, पण दवाखान्यातून आलेला कागद टाकायचा नसतो एवढं त्यांना पक्कं ठाऊक होतं.

घरात तिसरा धनेश, विनायकचा धाकटा भाऊ. आठवीत दोनदा बसला आणि तिसऱ्यांदा बसायला नको म्हणून टपरीवर आला. मनात आलं की हात चाललाच, अशी त्याची तऱ्हा. रंगाच्या डब्याचं झाकण उघडायला पेचकस शोधण्याऐवजी तो दात लावायचा. टपरीवर त्याच्याकडे एक खास काम होतं. नंबरप्लेटचे आकडे रंगवायला स्टेन्सिल लागतात, आणि जुन्या एक्स-रेसारखी चिवट स्टेन्सिल दुसऱ्या कशाची होत नाही. भंगारवाल्याकडून जुने फोटो यायचे. धनेश ते गरम पाण्यात धुण्याचा सोडा टाकून भिजवायचा, वरचा काळा थर चोळून काढायचा आणि खाली राहिलेली काचेसारखी फिल्म दोरीवर वाळत घालायचा. कुणाकुणाचे गुडघे, कुणाकुणाच्या छात्या त्याच्या घमेल्यात विरघळून गेल्या. धुऊन धुऊन त्याला एवढं कळायला लागलं होतं की आजारी छातीत पांढरे ढग असतात आणि निरोगी छातीत नसतात.

एके दिवशी सत्यजीत स्कूटरची नंबरप्लेट करून घ्यायला आला. पनवेलच्या बँकेतल्या साहेबांचा मुलगा, इंजिनिअरिंगला होता. त्याचे मामा बोटीवर नोकरीला होते, त्यांनी परदेशातून आणलेलं एक जाड पुस्तक त्याच्या पिशवीत होतं. प्लेट वाळेपर्यंत तो ते वाचत बसला. विनायकने खांद्यावरून डोकावलं, तर पानोपानी चिलखत घातलेली माणसं.

"हे कसलं पुस्तक, सायेब?"

"गेमचं. यात पट नसतो, सोंगट्या नसतात. आपण एकेक पात्र व्हायचं आणि मिळून गोष्ट खेळायची."

"आन जिंकतो कोन?"

"कोणीच नाही. गोष्ट चालू राहते."

धनेश फिसकन हसला. "मंग खेलायचं कशाला? दादा, ह्यांची प्लेट लवकर वाळव. उन्हानं डोकं फिरलंय ह्यांचं."

विनायकचं लक्ष त्याच्याकडे नव्हतं. त्याने दोन चित्रांवर दोन बोटं ठेवली. "हे चिलखत एकच हाय ना? दोन्हींच्या छातीवर त्योच गेंडा हाय. मंग ह्या बुटक्याच्या अंगावर ते पिंपासारखं, आन ह्या उंच बाईच्या अंगावर पानासारखं कसं?"

सत्यजीतने पान जवळ घेतलं. "कमाल आहे, माझ्या लक्षातच आलं नव्हतं." मग वाचून म्हणाला, "चिलखत एकच. पण घालणारा कुठल्या जातीचा, म्हणजे माणूस, बुटका की राक्षस, आणि त्याचं काम काय, लढणं, मंत्र घालणं की चोरी करणं, ते बघून ते दिसायला बदलतं."

"जात आन धंदा बघून कपडे," विनायक म्हणाला. "हे तर आमच्या गावात बी चालतं. त्याला बोटीवरून पुस्तक कशाला आनायला लागतं?"

तिघंही हसले. पुढच्या रविवारी सत्यजीत पुस्तक घेऊन पुन्हा आला. सोबत त्याची धाकटी बहीण चारुता होती. तेव्हापासून रविवारी टपरीच्या मागच्या बाजूला, रंगाच्या डब्यांवर फळ्या टाकून चौघं खेळायला बसू लागले.

सत्यजीत गोष्ट सांगायचा, बाकी तिघं पात्रं. पुस्तकात वीस बाजूंचा फासा सांगितला होता, तो पनवेलमध्ये कुठे मिळणार? चारुताने घरातल्या हौजीतले एक ते वीस आकडे आणले. स्टीलच्या पेल्यात हात घालायचा आणि आकडा काढायचा. मोठा निघाला की काम फत्ते. धनेश माणूस झाला, योद्धा. चारुता टोकदार कानांच्या रानातल्या लोकांपैकी, तिरंदाज. आणि सहा फुटी विनायक झाला बुटका वैद्य.

"दादा, तू आन बुटका?" धनेशला हे अजिबात पटलं नाही.

"मी कोनाला मारनार नाय. तुमी लढा, मी शिवत बसतो."

पात्रांची चित्रं विनायकने पोस्टकार्डांवर काढली. ट्रकच्या मागे वाघ काढणारा हात तो, पोस्टकार्डावरही डौलात चालला.

एका रविवारी गोष्टीतल्या गुहेत धनेशने वीसचा आकडा काढला आणि त्याच्या योद्ध्याला काळ्या गेंड्याचं चिलखत सापडलं. आता ते चित्रात दाखवायचं कसं? उद्या ते दुसऱ्या कुणाकडे गेलं तर सगळी कार्डं खोडत बसायची का?

"पारदर्शक काय तरी पायजे," विनायक म्हणाला. "कार्डावर ठेवलं की अंगात घातल्यासारखं दिसनार, उचललं की निघनार. बघू पुढच्या रविवारी."

पुढच्या रविवारपर्यंत थांबेल तर तो धनेश कसला. सोमवारी सकाळीच त्याने भंगारातले फोटो उलटेपालटे केले. एकाला घडी पडलेली, एकावर ओरखडे, एकाचा कोपरा उंदरांनी खाल्लेला. मग तो घरी गेला. भामाबाई भाजीच्या वाफ्यात होत्या. त्याने खुंटीवरचं पाकीट काढलं, मला बाहेर ओढलं आणि दारात उभा राहून उन्हात धरलं. एक ओरखडा नाही, एक घडी नाही. बरगड्यांमध्ये कुठे एक ढग नाही. "ह्यो बेस," तो म्हणाला.

सोड्याच्या पाण्यात आधी माझ्या कडा सुटल्या. मग बरगड्या गेल्या. मग काळजाची सावली. शेवटचा चिकट थर त्याने अंगठ्याने चोळून काढला आणि घमेल्यातलं काळं पाणी रस्त्याच्या कडेला ओतून दिलं. मग ब्लेडने मधोमध पोस्टकार्डाएवढा तुकडा कापला. तो मी. उरलेल्याची नंबरप्लेटची स्टेन्सिल झाली.

विनायक आला, मला हातात घेतलं. "कुठला रे ह्यो? एक नंबर हाय."

"तुजाच."

"माजा?"

"छातीचा. खुंटीवरचा."

विनायक मोठ्याने हसला. "नोकरी नाय दिली त्यांनी, चिलखत तरी दिलं! पन आयेला बोलू नको. दवाखान्याचा कागद म्हनून घर डोक्यावर घेईल." त्याने जुन्या कॅलेंडरचा पुठ्ठा कापला, खाकी पाकिटात घातला आणि पाकीट होतं तसं खुंटीला लावून ठेवलं.

पहिली चूक हसण्यावारी गेली ती अशी.

मग माझे खरे दिवस सुरू झाले. धनेशच्या योद्ध्यावर मी काळाकुट्ट होतो, छातीवर शिंग, रुंद खांदे. "अजून मोठे कर, दादा. अजून," तो म्हणत राहिला आणि माझे खांदे कार्डाच्या बाहेर जायला लागले. "ह्यो घालून तुजा मानूस घरात कसा शिरनार?" विनायकने विचारलं. "आडवा?"

पुढे गोष्टीत मी चारुताच्या तिरंदाजाकडे गेलो. विनायकने टर्पेंटाइनच्या फडक्याने मला पुसलं आणि पुस्तकात बघून नवं चित्र काढलं. चारुताने ते कार्डावर ठेवून पाहिलं आणि तिच्या कपाळाला आठ्या पडल्या.

"हे काय आहे?"

"पुस्तकात तसंच हाय, ताई."

"पुस्तकवाल्यांना विचारा, पोट उघडं टाकून कोण लढायला जातं? बाण काय परवानगी घेऊन लागतो?"

"अगं, रानातल्या लोकांचं चिलखत हलकं असतं, तो नियमच आहे," सत्यजीत म्हणाला.

"हलकं असू दे ना. अपुरं कशाला? धनेशच्या योद्ध्याचं पोट झाकलंय की नाही? त्याचं पोट काय सोन्याचं आहे?"

विनायक मान खाली घालून हसला आणि त्याने मला लगेच पुसलं. या वेळी शेवग्याच्या पानांएवढे बारीक पत्रे त्याने एकावर एक बसवले, गळ्यापासून मांड्यांपर्यंत. गेंडा तोच, पण आता तो पानांतून डोकावत होता. चारुता खूश झाली. मीही झालो, खोटं कशाला बोलू? तेव्हाइतका देखणा मी पुन्हा कधी दिसलो नाही.

गोष्टीत भाड्याने आणलेल्या एका राक्षसाच्या अंगावर तर मी पुरलोच नाही. विनायकने पाठीमागे दोऱ्या बांधून मला कसंबसं अडकवलं. आणि शेवटी मी त्याच्या स्वतःच्या बुटक्या वैद्याकडे आलो. तिथे माझं शिंग आखूड झालं, घेर वाढला आणि मला खिसे फुटले.

"चिलखताला खिसे?" सत्यजीत म्हणाला.

"वैद्याला सुईदोरा ठेवायला जागा नको?"

त्या दिवशी खेळात एक गंमत झाली. धनेशचा योद्धा मला घालून गावात शिरायचा तेव्हा गावकरी बाजूला सरायचे. बुटका वैद्य मला घालून शिरला तेव्हा सत्यजीतने वेशीवरच्या शिपायाच्या आवाजात विचारलं, "ए, हे कुणाचं उचललंस?"

चारुता भडकली. "असं का? चिलखत तेच आहे ना?"

"बरोबर हाय त्यांचं," विनायक म्हणाला. "मी नवा शर्ट घालून नाक्यावर आलो की लोक मना विचारतात, कोनाचा रं?"

हे बोलताना तो हसत होता, म्हणून बाकीचेही हसले. माझं लोखंड तेच होतं, वारही मी तेवढेच अडवायचो. पण आत कोण आहे हे बघून लोक ठरवायचे की मी काय आहे. दोन वर्षं हेच तर माझं आयुष्य होतं.

शहाण्णवच्या मे महिन्यात भामाबाईंनी घराची कौलं चाळून घेतली. खाली उतरवलेल्या सामानावर वळवाची एक सर पडली. खाकी पाकीट भिजून लगदा झालं. भामाबाईंनी ते तसंच उचललं आणि उकिरड्यावर टाकलं. आत कॅलेंडरचा पुठ्ठा होता हे त्यांना माहीत असायचं कारणच नव्हतं.

सत्त्याण्णवच्या सुरुवातीला विनायकला खोकला लागला. ट्रकला फवाऱ्याने रंग मारणाऱ्याला खोकला येणारच, असं सगळे म्हणाले. मग संध्याकाळचा ताप आला, पट्टा दोन भोकं आत गेला. पनवेलच्या डॉक्टरांनी नवा फोटो काढला आणि मुंबईच्या मोठ्या दवाखान्यात पाठवलं. चांगलं दिसावं म्हणून विनायकने सत्यजीतचा इस्त्रीचा शर्ट मागून घेतला. रांगेत वेळ जावा म्हणून धनेशने खेळाची वही पिशवीत टाकली. वहीत कार्डं होती, आणि वैद्याच्या कार्डावर मी.

म्हणजे बघा, मीही गेलो होतो तिथे.

डॉक्टरांनी नवा फोटो उजेडाच्या पेटीवर लावला. "इथे मधल्या बाजूला सावली दिसते आहे. याआधी कधी छातीचा फोटो काढला होता?"

"काढला होता," विनायक म्हणाला. "तीन वर्सं झाली."

"तो आणलाय का? त्यात ही सावली असेल तर जुना व्रण आहे, घाबरायचं कारण नाही. नसेल तर ही नवी आहे, मग सुई घालून तपासावं लागेल."

विनायकने धनेशकडे पाहिलं. फार नाही, एक नजर. मग म्हणाला, "कौलं चाळताना भिजला, सायेब. आयेनं टाकला."

डॉक्टर मागत होते तो फोटो चार हातांवर पिशवीत होता. कोरा. आणि त्याच्यावर काय होतं ते शेजारच्या बाकावर बसलेल्या धनेशला ठाऊक होतं. एक वाक्य पुरलं असतं. साहेब, तो साफ होता, मी उन्हात धरून पाहिला होता, मीच धुतला. ते वाक्य त्याच्या घशापर्यंत आलं होतं, पिशवीवरची त्याची मूठ आवळलेली मला कळत होती. पण दादाने आत्ताच त्याच्यासाठी खोटं सांगितलं होतं. ते खोटं डॉक्टरांसमोर उघडं पाडायचं, आणि वर आपण भावाच्या छातीचा फोटो खेळण्यासाठी सोड्यात घातला हे कबूल करायचं? एरवी मनात आलं की करून मोकळा होणारा धनेश तेवढ्या वेळी मात्र विचार करत बसला.

डॉक्टरांनी गाव विचारलं, धंदा विचारला. इस्त्रीच्या शर्टाच्या बाहीतून आलेल्या, रंगाने भरलेल्या नखांकडे पाहिलं. "टीबी असावा," ते म्हणाले. "तुमच्याकडे पुष्कळ पेशंट असतात. तीन महिने गोळ्या घ्या, मग बघू." त्यात त्यांचा काही दुष्टावा नव्हता. अंग बघून त्यांनी आजार ठरवला. मला हे फार ओळखीचं वाटलं.

बाहेर पडताना धनेशला हायसं वाटलं. टीबी म्हणजे गोळ्या, गोळ्या म्हणजे बरं होणं. दोघांनी स्टँडवर भजी खाल्ली. त्या हायसं वाटण्याची त्याला पुढे जेवढी लाज वाटली, तेवढी दुसऱ्या कशाचीच वाटली नाही.

तीन महिन्यांनी विनायकच्या गळ्याशी सूज आली, पायरी चढताना दम लागू लागला. मग सुई घातली. छातीत गाठ होती, आणि ती आता थांबणारी नव्हती. तेच डॉक्टर होते. "तेव्हाच सुई घातली असती तर," एवढं म्हणून ते थांबले. मग म्हणाले, "अर्थात, नक्की कुणीच सांगू शकत नाही." विनायक बाहेर बाकावर बसला होता. हे अर्धं वाक्य एकट्या धनेशने ऐकलं.

भाद्रपदात विनायकने अंथरुणातून रंग मागवला. भर दुपार होती, भामाबाई पाण्याला गेल्या होत्या. त्याने वहीतून मला काढलं आणि वैद्याचे खिसे पुसून टाकले.

"तुज्या योद्ध्याला काय घालू?" त्याने विचारलं.

"योद्धा नको मना," धनेश म्हणाला.

"मंग कोन?"

"कोनीच नाय. नुसता मानूस."

"बिनधंद्याचा मानूस. मंग चिलखत बी साधंच लागनार." त्याने एक साधी गंजी काढली, पातळ पत्र्याची. छातीवर गेंडा काढायला घेतला आणि शिंग अर्ध्यावर सोडून ब्रश खाली ठेवला, कारण समोर धनेश रडायला लागला होता.

"दादा, तो फोटो साफ होता. मी बघितला होता. धुवायच्या आधी."

"मना म्हाईत हाय."

"तुला कसं?"

"मी बी बघितला होता ना, तळोज्याला. डाक्टरच बोलला होता, एकदम साफ हाय म्हनून."

"मंग तू का नाय सांगितलंस?"

विनायकने खाली ठेवलेला ब्रश फडक्याने पुसायला घेतला. "सुई नको होती मना," तो म्हणाला. "टीबी बोलले ते बरं वाटलं. तुला बी वाटलं ना? मंग झालं."

हे खरं होतं, की धाकट्याच्या छातीवरचा धोंडा हलका करायला रचलेलं दुसरं खोटं होतं? मी दोघांच्या मधे, ओल्या रंगाने पडून होतो, आणि तरी मला सांगता येत नाही. धनेशला तर कधीच ठरवता आलं नाही.

दसऱ्याला चार दिवस असताना विनायक गेला.

समाचाराला माणसं येत. भामाबाई एकच सांगत, "त्याचा जुना फोटो असता तर डाक्टरला वेळेत कळलं असतं. माज्या हातानं मी तो उकिरड्यावर टाकला." विनायकने दवाखान्यात सांगितलेलं ते खोटं डॉक्टरांची चिठ्ठी वाचणाऱ्यांकडून, येणाऱ्या-जाणाऱ्यांच्या बोलण्यातून त्यांच्यापर्यंत पोचलं होतं. आणि त्यांच्यापुरतं ते खोटं नव्हतंच. पाकीट त्यांनी खरंच टाकलं होतं. उत्तरकार्य झालं त्या दिवसापासून त्या डाव्या हाताने जेवायला लागल्या. विचारलं तर म्हणायच्या, "ज्या हातानं टाकला त्या हातानं घास नाय घेनार."

चार महिने. रोज दोन वेळा. धनेश समोर बसून बघायचा. डाव्या हाताने भाकरी मोडत नाही, भात सांडतो. सांडलेली शितं त्या वेचत बसायच्या. तो ताटावरून उठायचा आणि टपरीवर जाऊन उगाच डबे लावायचा. दोन-तीनदा त्याने मला वहीतून काढलं, काड्यापेटी हातात घेतली. पण माझ्यावर दादाचा शेवटचा हात होता. मला तो जाळू शकला नाही.

काल सकाळी शेजारच्या हौसाबाई सुनेला घेऊन आल्या. तिला दवाखान्यात न्यायचं होतं. भामाबाई तिचे कागद प्लास्टिकच्या पिशवीत घालून देत होत्या, एकेक मोजून, गाठ मारून. "जप गो पोरी," त्या म्हणाल्या. "माज्यासारखं करू नको. मी नासकी मासली टाकावी तसा पोरगा टाकला."

दारात उभा असलेला धनेश हे ऐकून आत शिरला. हौसाबाई अजून उंबऱ्यात होत्या, तरी थांबला नाही. पेटी उघडली, वही काढली, मला काढलं आणि आईच्या उजव्या हातात ठेवलं.

"ह्यो बघ फोटो. तू नाय टाकलास. तू टाकलास त्यात पुठ्ठा होता. फोटो मी धुतला, तीन वर्सांपूर्वी. खेलायला. आन तो साफ होता ते मना म्हाईत होतं, तरी मी डाक्टरसमोर तोंड उघडलं नाय. दादा खोटं बोलला माज्यासाठी, आन मी बोलू दिलं."

दादाने 'मना म्हाईत हाय' म्हटलं होतं, ते मात्र त्याने सांगितलं नाही. आपल्या वाटणीचं त्याला कमी करायचं नव्हतं.

भामाबाईंनी मला दाराच्या उजेडात धरलं. त्या माझ्यात पोराच्या बरगड्या शोधत होत्या. त्यांना पत्र्याची गंजी आणि अर्ध्या शिंगाचा गेंडा दिसला, आणि पलीकडे अंगणातला माठ. माझ्यावर लाज उतरते म्हणजे काय ते मला तेव्हा कळलं. मी त्यांच्या हातात होतो आणि त्यांना द्यायला माझ्याकडे काही नव्हतं.

"म्हंजे माज्या हातानं नाय झालं," त्या हळूच म्हणाल्या. एकदा म्हणाल्या, मग पुन्हा म्हणाल्या. त्यांचे खांदे उतरले. आणि मग, जणू उतरलेलं ओझं कुणाच्या डोक्यावर गेलं ते आत्ताच दिसलं, अशा त्या धनेशकडे बघायला लागल्या. त्यांनी त्याच्या थोबाडीत मारली. एकदाच. मग त्याच हाताने त्याची कॉलर धरून ठेवली, तो पळून जाणार असल्यासारखी. तो हलला नाही.

"भामे, जाऊ दे गो," हौसाबाई म्हणाल्या. "पोरच तो."

"जाऊ दे काय?" भामाबाई गरजल्या. "चार मैने मी साऱ्या गावाला सांगितलं, माज्या हातनं गेला. दारात आलं त्याला सांगितलं. नळावर सांगितलं. तेवा हा जेवत होता माज्यासमोर." मग त्यांचा आवाज खाली आला. "तू आता जा. ज्याला ज्याला मी सांगितलंय त्याच्या घरी जा, आन सांग कोनाच्या हातनं गेला. सगळं सांगून झालं की घरी ये. जेवन ठेवते."

त्यांनी मला त्याच्या हातात परत दिलं.

तो कालपासून फिरतोय. काल अर्धी आळी झाली. प्रत्येक घरी तो मला काढतो, दाखवतो आणि सुरुवात करतो. लोक चांगले आहेत. तो दोन वाक्यं बोलला की कुणीतरी त्याच्या पाठीवर हात ठेवतं. "असू दे रे, धनेश. तुजा काय दोष? त्याचं तेवढंच होतं." त्याला पाणी देतात, बसवतात, विषय बदलतात. तो उठतो तेव्हा त्याचं सांगणं अर्धंच राहिलेलं असतं. मग तो दारातून मागे वळतो आणि पुन्हा पहिल्यापासून सुरू करतो. दोन घरांत लोक वैतागले.

आज दुपारी तो पनवेलला निघाला आहे, सत्यजीत आणि चारुताकडे. नंतर उरलेली आळी, त्यानंतर नाक्यावरचे दुकानदार.

तुमचं घरही त्याच्या वाटेवर असेल. म्हणून मी, ज्याने एक घाव कधी अडवला नाही, तुमच्याकडे एवढंच मागतो. तो आला की त्याला लगेच माफ करू नका. 'जाऊ दे' म्हणू नका, पाणी पुढे करू नका. मला हातात घ्या, उजेडात धरा, आणि त्याला शेवटपर्यंत बोलू द्या. त्याला घरी जेवायला जायचं आहे.